२८ एप्रिल १९७६ : वडिलांच्या फाईलमधले तीन कागद

जुनी_वही

आई गेल्यावर तिची लोखंडी ट्रंक परवा रिकामी केली. तळाशी पुठ्ठ्याची एक फाईल होती आणि तिच्यात तीनच कागद. वडिलांच्या स्थानबद्धतेचा एक पानी आदेश, उच्च न्यायालयात दाखल केलेल्या बंदी प्रत्यक्षीकरण याचिकेची (कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी करणारी याचिका) टाइप केलेली प्रत, आणि वकिलांचं एक पोस्टकार्ड. पोस्टकार्डावर मे १९७६ चा शिक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आपली याचिका आता टिकणार नाही, वाईट वाटतं, एवढाच मजकूर.

आणीबाणी चालू होती. मी तेव्हा सात वर्षांची होते. वडील तालुक्याच्या गावी शाळेत मास्तर. कुठल्या पक्षात नाही, शाखेत नाही, युनियनमध्ये नाही. एका पहाटे पोलीस आले आणि मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय कोंडता येणाऱ्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, घेऊन गेले. आदेशावर आडनाव आमचं, पहिलं नाव वडिलांचं, पण मधलं नाव आजोबांचं नाही. त्या पूर्ण नावाचे एक गृहस्थ सहा कोसांवरच्या गावात राहत. ते चळवळीत होते आणि तेव्हा भूमिगत होते. म्हणजे आदेश त्यांचा, आणि उचलले गेले आमचे वडील.

आई रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला घेऊन कचेरीत तीनदा गेली. तिन्ही वेळा "वर कळवलंय" हेच उत्तर. मग आजीच्या पाटल्या मोडून याचिका केली. फेब्रुवारीत न्यायालयाची नोटीस निघाली, आणि त्यानंतर आठ दिवसांत त्याच कचेरीतून आईला बोलावणं आलं, की वडिलांचा जन्मदाखला आणि आजोबांच्या नावाचा सातबारा घेऊन या. साहेबांनी तो समोर बसून वाचला. आई सांगायची, त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी कागदाकडे नीट बघितलं. प्रतिज्ञापत्र करायला त्यांनी वेळ मागून घेतला.

मग २८ एप्रिलचा निकाल आला. मे महिन्यात आई पुन्हा गेली तेव्हा सातबारा तिला परत दिला. आता त्याची गरज नाही म्हणाले. वडील सुटले ते जानेवारी १९७७ मध्ये, निवडणुका जाहीर झाल्यावर, इतर अनेकांबरोबर.

आणीबाणीतल्या न्यायालयांबद्दल बोलताना आपण नेहमी किती जण सुटले, किती नाही हे मोजतो. माझ्या मते त्याआधीची गोष्ट मोठी आहे. उद्या आपल्याला कुणी विचारेल एवढी शक्यता जरी शिल्लक असली, तरी अधिकारी कागद वाचतो. ती शक्यता काढून घेतली की तोच अधिकारी, तोच कागद न वाचता परत करतो. तो माणूस दुष्ट नव्हता, फेब्रुवारीत त्याने खरंच कष्ट घेतले होते.

या विषयात ज्यांचं वाचन आहे, ज्यांच्या घरी असं काही घडलंय, त्यांनी लिहावं. मला कायद्याची भाषा येत नाही. 'याचिका टिकत नाही' म्हणजे नेमकं काय झालं होतं, हे मला नीट समजून घ्यायचंय.

काळा_कोट

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पेशाने वकील आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देतो. लांब होईल, पण तुकडे पाडून सांगितलं तर अर्थ हरवेल.

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी अनुच्छेद ३५२ खाली आणीबाणीची घोषणा केली. कारण दिलं 'अंतर्गत अशांतता'. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली होती, ती पार्श्वभूमी सगळ्यांना माहीत आहे. दोन दिवसांनी, २७ जूनला, अनुच्छेद ३५९ खाली राष्ट्रपतींचा दुसरा आदेश निघाला. त्याने अनुच्छेद १४ (समानता), २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतलं संरक्षण) यांच्या अंमलबजावणीसाठी कोणत्याही न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. हक्क रद्द केले नव्हते, ते मागायला जाण्याची वाट बंद केली होती.

दुसऱ्या बाजूने मिसा कडक केला. कलम १६अ घातलं. आणीबाणीसाठी ही स्थानबद्धता आवश्यक आहे असं अधिकाऱ्याने लिहून दिलं की कैद्याला कारणं सांगायची गरज नाही, स्थानबद्धता तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे जायची गरज नाही. पुढे न्यायालयालाही ती कारणं बघता येणार नाहीत अशी तरतूद झाली. कारण माहीत नसलेल्या माणसाने आपली बाजू मांडायची कशी?

तरीही देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी कैद्यांच्या याचिका ऐकायला नकार दिला नाही. त्यात मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ होतं. या न्यायालयांचं म्हणणं फार मोठं नव्हतं. मूलभूत हक्काचं राहू द्या, पण हा आदेश मिसाच्या चौकटीत तरी आहे का, सही करणाऱ्याला अधिकार होता का, खुन्नस काढायला केलाय का, आणि हो, हाच तो माणूस आहे का, एवढं आम्ही बघू शकतो. तुमच्या वडिलांची याचिका याच पायावर उभी असणार.

या निकालांविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ला असं ते प्रकरण. पाच न्यायमूर्ती : सरन्यायाधीश अ. ना. रे, ह. रा. खन्ना, मि. ह. बेग, य. वि. चंद्रचूड, प्र. न. भगवती. निकाल चार विरुद्ध एक, वेगळं मत एकट्या खन्नांचं. त्याचा गाभा असा, की २७ जूनचा आदेश लागू असेपर्यंत बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करण्याचा अधिकारच कुणाला नाही. आदेश कायद्याला धरून नसला तरी नाही, दुष्ट हेतूने काढलेला असला तरी नाही.

म्हणजे 'तुमच्या वडिलांची अटक बरोबर होती' असं न्यायालय म्हणालं नाही. 'ती बरोबर की चूक हे आमच्यापुढे विचारताच येणार नाही' असं म्हणालं. पोस्टकार्डावरच्या चार ओळींचा अर्थ एवढाच.

वर्धाकाठ

नागपूर खंडपीठाचा उल्लेख वाचून बरं वाटलं. आमच्याकडे जुने लोक अजून त्या दिवसांबद्दल आदराने बोलतात. उच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींना तेव्हा किंमत मोजावी लागली, तेही इथे नोंदवून ठेवतो. १९७६ मध्ये १६ न्यायमूर्तींच्या त्यांना न विचारता बदल्या झाल्या. दिल्लीत स्थानबद्ध पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या प्रकरणात न्या. रंगराजन आणि न्या. अगरवाल यांनी सरकारविरुद्ध निकाल दिला होता. रंगराजन यांना गुवाहाटीला पाठवलं. अगरवाल यांना कायम न करता परत सत्र न्यायालयात बसवलं. हे होऊ शकतं याचा अंदाज असताना ती माणसं लिहीत होती.

भीमथडी

धागाकर्तीच्या घरावर जे गुदरलं त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो.

अनुच्छेद ३५९ घटनेतच होता, घटना समितीने घातलेला. राष्ट्रपतींचा आदेश त्या अनुच्छेदाला धरून होता. १९६२ च्या आणीबाणीतला आदेश सशर्त होता : 'भारत संरक्षण कायद्याखाली' हक्क गेला असेल तर न्यायालयात जाता येणार नाही, असं त्यात होतं. म्हणून त्या कायद्याबाहेरच्या मुद्द्यांना वाट होती. १९७५ च्या आदेशात अशी अटच नव्हती. बहुमताने हा फरक धरला आणि शब्द वाचले तर तो फरक खरा आहे. न्यायाधीशाने घटनेत जे लिहिलंय ते वाचायचं, की आपल्या सदसद्विवेकाला जे वाटतं ते?

आणि समजा निकाल पाच-शून्याने कैद्यांच्या बाजूने लागला असता. दुसऱ्या दिवशी वटहुकूम निघाला असता. ३९ वी घटनादुरुस्ती आठवा, पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढायला संसदेला किती दिवस लागले? आणीबाणी न्यायालयाने उठवली नाही, मार्च १९७७ मध्ये मतदारांनी उठवली. न्यायालयाकडून आपण जास्तच अपेक्षा करतोय असं मला वाटतं.

काळा_कोट

@भीमथडी, सशर्त आणि बिनशर्त आदेशाचा फरक तुम्ही अचूक मांडलात. बहुतेक लोक बहुमताची ही बाजू वाचतच नाहीत. पण न्या. खन्नांनी त्याला उत्तर दिलंय.

त्यांचा युक्तिवाद साध्या शब्दांत असा. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क अनुच्छेद २१ ने जन्माला घातला नाही. २६ जानेवारी १९५० च्या आधीही या देशात कायद्याच्या आधाराशिवाय कुणाला कोंडता येत नव्हतं. मग २१ ची अंमलबजावणी थांबली म्हणून त्याआधीपासूनचं हे बंधन कसं नाहीसं होईल? दुसरं असं, की अधिकाऱ्याला पकडण्याचा अधिकार मिळाला कुठून? मिसामधून. मग तो मिसाप्रमाणे वागला का एवढं बघणं म्हणजे मूलभूत हक्काची अंमलबजावणी नव्हे, संसदेने केलेल्या कायद्याचीच अंमलबजावणी आहे. यात सदसद्विवेक कुठेच मध्ये आणलेला नाही. हेही शब्दांचंच वाचन आहे.

सुनावणीतला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की अनुच्छेद २१ मध्ये जीवितही येतं. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून माणूस मारला, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे काही उपाय आहे का? डे म्हणाले, माझा युक्तिवाद धरला तर आणीबाणी असेपर्यंत नाही. हे तुमच्या आणि माझ्या विवेकाला धक्का देणारं असलं तरी. हे उत्तर भर न्यायालयात दिलं गेलं, आणि ते ऐकूनही चौघांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. मला आजही हे वाचताना थांबावं लागतं.

रानजाई

ते उत्तर कल्पनेतल्या माणसाबद्दल नव्हतं, हे मला इथे लिहायलाच हवं.

केरळमध्ये कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला राजन नावाचा विद्यार्थी १ मार्च १९७६ ला पोलिसांनी उचलला. कक्कयमच्या छावणीत त्याचा छळ झाला आणि तो मेला. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल राखून ठेवलेला असतानाच अशी घटना देशात घडून गेली होती. वडील ईच्चर वारियर मंत्र्यांपासून तुरुंगांपर्यंत सगळीकडे मुलाला शोधत फिरले. आणीबाणी उठल्यावर काही दिवसांतच त्यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका केली. न्यायालयाने 'मुलाला हजर करा' म्हटलं. हजर करायला मुलगा नव्हता. मृतदेहही मिळाला नाही. आणीबाणीत केरळचे गृहमंत्री असलेल्या के. करुणाकरन यांना या प्रकरणापायी एप्रिल १९७७ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं.

याचिका तीच, कायदा तोच. 'माणूस हजर करा' हे न्यायालयाला म्हणता येऊ लागल्याबरोबर काही आठवड्यांत सत्य बाहेर आलं. वर्षभर एक बाप दारोदार हिंडला, तेव्हा हे सत्य काही माणसांच्या खिशात होतं.

आणि न्या. बेग यांनी निकालात लिहिलं, की स्थानबद्धांच्या राहण्या-खाण्याची राज्य जी काळजी घेतं ती जवळजवळ आईच्या मायेची आहे. बंगळूरच्या तुरुंगात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी दम्याने तडफडत होत्या. पॅरोलवर सोडल्यानंतर काही दिवसांतच, २० जानेवारी १९७७ ला त्या गेल्या. मला ते वाक्य वाचवत नाही.

टेम्सकाठ

लंडनहून लिहितोय. इथे कायदा शिकताना याच प्रश्नाचा इंग्लंडमधला अवतार शिकवतात, म्हणून भर घालतो.

१९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना, लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे इथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, होता. गृहमंत्र्यांना 'वाजवी कारण' वाटलं तर माणसाला कोंडता येईल असा नियम होता. चार लॉर्ड म्हणाले, मंत्र्यांना वाटलं म्हणजे झालं, आम्ही विचारणार नाही. एकटे लॉर्ड ॲटकिन म्हणाले, वाजवी कारण आहे की नाही हे न्यायालयाने बघायचं असतं, आणि शस्त्रांच्या खणखणाटात कायदे मुके होत नाहीत. त्यांचे सहकारी त्यांच्यावर चिडले. १९७९ मध्ये याच सभागृहात लॉर्ड डिप्लॉक यांनी सांगून टाकलं, की बहुमत तेव्हा चुकलं होतं. न्या. खन्नांच्या निकालाची जातकुळी हीच.

पण माझ्या मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. १९४३ मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात, महायुद्ध चालू असताना आणि 'चले जाव' नंतर वर्षही झालं नसताना, केशव तळपदे या स्थानबद्धाचं प्रकरण मुंबईहून दिल्लीच्या फेडरल कोर्टात गेलं. मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर. त्यांनी भारत संरक्षण नियमांतला २६ वा नियमच बेकायदा ठरवला, कारण मूळ कायद्याने जेवढा अधिकार दिला त्यापेक्षा तो नियम रुंद होता. परकीय सत्तेच्या न्यायालयाने, युद्धात, आमच्या माणसाची याचिका ऐकली. आणि ३३ वर्षांनी स्वतंत्र भारताचं न्यायालय म्हणालं की विचारायचंच नाही.

भीमथडी

@टेम्सकाठ, पण तळपदे प्रकरण माझ्याच बाजूचं नाही का? सरकारने लगेच वटहुकूम काढून तो नियम मागच्या तारखेपासून कायदेशीर केला. माणसं आत ती आतच.

जुनी_वही

@भीमथडी, तुमच्या या एका ओळीवर मी रात्रभर विचार केला. तुम्ही म्हणता ते खरं आहे, वटहुकूम निघाला. तरीही मला वाटतं, तो काढावा लागला यातच सगळं आहे.

न्यायालय 'नाही' म्हणालं की सत्तेला उघड्यावर यावं लागतं. कुणाला तरी सही करावी लागते, राजपत्रात छापावं लागतं, आम्ही कायदा बदलतोय हे लोकांना दिसतं. १९७६ मध्ये सरकारला काहीच करावं लागलं नाही. न्यायालयाने ते काम त्यांच्यासाठी करून दिलं. सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिलीय असं सांगायची सोय झाली. आमच्या तालुक्याच्या कचेरीत हेच झालं. कलम बदललं नव्हतं, नवा आदेश आला नव्हता, तरी मे महिन्यात सातबारा परत मिळाला.

आणि वटहुकूम निघाला असता तरी तो 'ज्याच्या नावाचा आदेश नाही त्यालाही डांबा' असा निघाला असता का? असं वाक्य लिहायला कुठलंही सरकार धजावलं नसतं. निकालातून मात्र ते आपोआप निघालं.

कऱ्हाकाठ

आमच्या सासवडचे वि. म. तारकुंडे यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारातले. याच प्रकरणात कैद्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेल्यांत ते होते. शांतिभूषण, सोली सोराबजी हेही होते.

या सगळ्या इतिहासात मराठी माणसं दोन्हीकडे दिसतात. १९६३ मध्ये माखनसिंग प्रकरणात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलं, की आणीबाणीतही दुष्ट हेतू किंवा कायद्याचा भंग हे मुद्दे स्थानबद्धाला न्यायालयात मांडता येतात. १९६५ मध्ये प्रभाकर संझगिरी यांचं प्रकरण आलं. कम्युनिस्ट कार्यकर्ते, मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध. त्यांनी आत बसून अणूविषयी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने परवानगी नाकारली. महाराष्ट्र सरकार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं आणि हरलं. न्या. सुब्बाराव यांनी म्हटलं, की स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहू नये असं कुठेही नाही, मग त्या अटींच्या पलीकडे जाऊन कैद्याचं स्वातंत्र्य तुम्ही आणखी आखडू शकत नाही. तेव्हाही आणीबाणी होती, चीनच्या युद्धापासूनची. तेव्हाही ३५९ खालचा आदेश होता. एका कैद्याच्या वहीसाठी तेव्हा न्यायालय उठून उभं राहिलं होतं. अकरा वर्षांत एवढं काय बदललं?

मुंबईही गप्प नव्हती. फेब्रुवारी १९७६ मध्ये मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातल्या मजकुरावरची सेन्सॉरची बंदी उच्च न्यायालयाने उठवली. न्या. मदन आणि न्या. कनिया यांचं खंडपीठ. सगळ्या वृत्तपत्रांना एकाच सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असा त्याचा आशय. निकाल जाहीर झाला तेव्हा आणीबाणी ऐन भरात होती.

आणि आता जे बोलायचं टाळतोय ते. न्या. य. वि. चंद्रचूड पुण्याचे. नूतन मराठी विद्यालय, पुण्याचंच विधी महाविद्यालय. आमच्या घरी त्यांच्याबद्दल अभिमान होता. पुढे ते सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश होते, तेवढा काळ दुसऱ्या कुणाला मिळाला नाही. त्या काळात चांगले निकालही दिले. पण २८ एप्रिलच्या निकालावरची त्यांची सही पुसता येत नाही, आणि ती पुसावी असंही मला वाटत नाही.

जुनी_वही

@कऱ्हाकाठ, आईलाही नेमकं हेच लागलं होतं. चौघांत एक आपला पुण्याचा माणूस आहे हे तिला वकिलांकडून कळलं होतं. "त्यांना तरी मधलं नाव म्हणजे काय ते कळायला हवं होतं," असं ती म्हणायची. तिच्या दृष्टीने खटला मधल्या नावाचाच होता.

२४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणाच्या हक्काचा नऊ न्यायमूर्तींचा निकाल आला. त्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी १९७६ चे बहुमताचे चारही निकाल गंभीरपणे सदोष असल्याचं लिहिलं आणि तो निर्णय रद्दबातल ठरवला. त्यांच्या वडिलांचा निकाल त्या चारांत होता. मी आईला पेपर वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग बोटांवर मोजून म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं." वडील तेव्हा नव्हते.

सनदेच्या_वाटेवर

विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात हे प्रकरण एका तासात संपवतात : निकाल चुकीचा होता, ४४ व्या घटनादुरुस्तीने भोक बुजवलं, पुढचा विषय. या धाग्यामुळे पहिल्यांदा जाणवलं की कुणाच्या तरी घरी पोस्टकार्ड आलं होतं.

१९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने बरंच केलं हे खरंच. 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र बंड' आलं. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागतो. घोषणेला महिन्याभरात संसदेची विशेष बहुमताने मंजुरी लागते. आणि मुख्य म्हणजे अनुच्छेद २० आणि २१ आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. जे न्या. खन्ना एकटे सांगत होते ते घटनेत लिहिलं गेलं. भगवतींनीही २०११ मध्ये आपण चुकलो हे जाहीरपणे मान्य केलं.

पण प्रतिबंधक स्थानबद्धता अनुच्छेद २२ मध्ये तशीच आहे, आणि तिला आणीबाणी लागतच नाही. माझा प्रश्न काळा_कोट यांना : आज हे कसं चालतं?

काळा_कोट

चांगला प्रश्न. महाराष्ट्रापुरतं सांगतो, कारण रोजचा अनुभव तोच आहे.

आपल्याकडे १९८१ चा एमपीडीए आहे, ज्याला लोक झोपडपट्टीदादा कायदा म्हणतात. त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी एखाद्याला 'धोकादायक व्यक्ती' ठरवून जास्तीत जास्त एक वर्ष स्थानबद्ध करू शकतात. खटला नाही, शिक्षा नाही. मिसाशी फरक असा की इथे कारणं द्यावी लागतात, सल्लागार मंडळ बसतं, आणि उच्च न्यायालयात जाता येतं. तिथे कितीतरी आदेश रद्द होतात : प्रस्ताव महिनोन्‌महिने पडून होता, कागद कैद्याला कळेल त्या भाषेत दिले नाहीत, जुन्या गुन्ह्यांचा आणि आजच्या आदेशाचा धागा जुळत नाही. आमच्यासाठी हे नेहमीचे मुद्दे आहेत. ते मांडता येतात, कारण विचारायचा हक्क शिल्लक आहे.

पण एका अशिलाची गोष्ट सांगतो. फळांच्या गाडीवरचा मुलगा. आदेश रद्द झाला, निकाल अगदी स्वच्छ, तरी तोवर वर्षातले नऊ महिने आत काढून झाले होते. तारीख मिळत नव्हती. जुनी_वही यांचा सुरुवातीचा मुद्दा इथेही लागू पडतो, फक्त उलट्या बाजूने. दहाव्या महिन्यात विचारलं जाणार हे अधिकाऱ्याला माहीत असेल, तर पहिल्या महिन्यात तो कागद कशाला वाचेल? माणूस हजर करा, आज, आत्ता, यात त्या याचिकेचा जीव आहे. उशिरा ऐकलेली बंदी प्रत्यक्षीकरण याचिका ही अर्धी नाकारलेलीच याचिका.

२०१९ नंतर काश्मीरमधल्या अशा याचिका किती काळ रेंगाळल्या हे पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल. तिथे आणीबाणीची घोषणा नव्हती आणि अनुच्छेद २१ जागच्या जागी होता.

भीमथडी

माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. निवडणुकीने जे केलं ते न्यायालय करू शकलं नसतं, यावर मी ठाम आहे. पण 'वटहुकूम काढावा लागला यातच सगळं आहे' हे पटलं. मी दोन्ही गोष्टी एकमेकांच्या जागी ठेवत होतो. न्यायालयाने सरकार पाडायचं नव्हतं, नाव तपासायचं होतं.

न्या. खन्नांबद्दल एक. निकालाआधी त्यांनी बहिणीला सांगितलं होतं, की हा निकाल मला सरन्यायाधीशपदाला मुकवणार. तसंच झालं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना नेमलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन क्रमांकाच्या दालनात त्यांची तसबीर आहे. पुढच्या वेळी दिल्लीला गेलो तर बघून येईन.

रानजाई

@जुनी_वही, एक विचारू का? ज्यांच्या नावाचा तो आदेश होता, त्या दुसऱ्या गृहस्थांचं पुढे काय झालं?

जुनी_वही

ते शेवटपर्यंत सापडले नाहीत. आदेश 'बजावला गेला' अशी नोंद कागदावर झाल्यामुळे बहुधा त्यांचा शोधही थंडावला. म्हणजे वडील आत होते म्हणून ते बाहेर राहू शकले. हे त्यांना आणीबाणी उठल्यावरच कळलं.

एप्रिल १९७७ मध्ये ते आमच्या घरी आले. मला ती दुपार आठवते. ओटीवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही आधी. आईने फाईल आणून दिली. त्यांनी आदेश वाचला, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, आणि खूप वेळ काही बोलले नाहीत. मग वडिलांना म्हणाले, "मास्तर, हे सगळे महिने माझे होते." वडील म्हणाले, "तुम्हालाही द्यायला नको होते ते."

जाताना त्यांनी माझ्या शाळेच्या वहीतलं एक पान मागितलं आणि आदेश अक्षर न् अक्षर उतरवून घेतला, खालच्या सहीच्या पदनामासकट. मूळ कागद ट्रंकेतच राहिला.

बऱ्याच जणांनी निरोपातून आदेशाचा फोटो मागितलाय. रविवारी नावं झाकून टाकते. मधल्या नावाची जागा तेवढी उघडी ठेवीन, तिथे शाईने केलेली एक बारीक खूण आहे. ती आईची, की फेब्रुवारीत कागद वाचणाऱ्या त्या साहेबांची, हे मला कळलेलं नाही.